पानाचा दर नंतर, आधी प्रुफं किती ते ठरवा

तुमचे प्रश्न तीन आहेत. कोल्हापुरात प्रेसमध्ये सहा वर्षं डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं लावायचं काम, केलंत, आता घरून स्वतःची कामं घ्यायची आहेत. तर पानाला दर काय लावावा, कामं कुठून मिळतात आणि नोकरी कधी सोडावी. मी २००६ साली पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका प्रेसमधली नोकरी सोडली आणि तेव्हापासून पुस्तकं, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल लावते. मलाही तेव्हा पहिला प्रश्न दराचाच पडला होता. प्रश्नच चुकला होता हे कळायला एक पुस्तक पुरलं.

एका निवृत्त मुख्याध्यापकांचं आत्मचरित्र होतं. हस्तलिखितावरून टायपिंग आणि मांडणी, २४० पानं, पानाला २५ रुपये, म्हणजे ६,००० रुपये. प्रेसमध्ये मला तेव्हा महिना साडेसात हजार मिळायचे. महिन्याला अशी दोन पुस्तकं उरकली तर बारा हजार, असा मी हिशोब मांडला. पहिलं प्रूफ, म्हणजे तपासायची छापील प्रत, दिलं. सरांनी ते इतकं मनापासून वाचलं, की परत आलं तेव्हा छापलेल्या मजकुराइतकाच मजकूर समासात होता. दुसऱ्या प्रुफाला बालपणाचं प्रकरण तिसऱ्या क्रमांकावर गेलं. चौथ्यात एक मेहुणे आले, सहाव्यात ते गेले. (मधल्या काळात घरात काय झालं ते मी विचारलं नाही.) एकूण सात प्रुफं, चार महिने. तास वहीत लिहायची सवय होती म्हणून कळलं: २२० तास गेले. तासाला २७ रुपये. नोकरीत महिन्याचे २६ दिवस आणि रोजचे आठ तास धरले तर तासाला ३६ पडत होते, आणि वीज, कागद, टोनर मालकांचा होता.

सरांनी फसवलं नाही. पैसे वेळेवर दिले, वर पेढेही दिले. माझा पानाचा दरही बाजारातलाच होता. प्रुफं किती, हे कुणीच ठरवलं नव्हतं, एवढंच. आपल्या धंद्यात पान लावायला फार वेळ लागत नाही; वेळ जातो तो लावलेलं पान पुन्हा लावण्यात.

म्हणून आता माझ्या दरपत्रकात दोन शब्द वेगवेगळे असतात: दुरुस्ती आणि बदल. मी चुकीचं टाइप केलं, ओळ गाळली, शीर्षक भलत्या टायपात गेलं, ती दुरुस्ती. ती दहा वेळा करेन, फुकट करेन. लेखकाला नवं वाक्य सुचलं, प्रकरण हलवायचं ठरलं, अर्पणपत्रिकेतलं नाव बदललं, तो बदल. बदलांच्या दोन फेऱ्या दरात धरलेल्या असतात, तिसऱ्या फेरीपासून तासाप्रमाणे पैसे. हे कागदावर असतं आणि तोंडीही सांगते, कारण कागद कोणी वाचत नाही.

पण नुसतं ठरवून भागत नाही. महिनाभराने कुठली खूण कशाची होती हे तुम्हालाही आठवत नाही आणि लेखकालाही. त्यावर उपाय एका जुन्या मुद्रितशोधकांनी, म्हणजे प्रुफं तपासणाऱ्यांनी, सांगितला. प्रूफ देताना दोन पेनं द्यायची, लाल आणि हिरवं. आमची चूक लाल शाईने, तुमचा बदल हिरव्या शाईने. आता पीडीएफवर खुणा येतात, तिथेही तेच दोन रंग. प्रूफ परत येतं तेव्हा हिरव्याचं रान माजलेलं लेखकाला स्वतःलाच दिसतं. दोघातिघांनी तर बिल पाहायच्या आधीच ‘यावेळी माझंच जरा जास्त झालं’ असं म्हटलंय. वाद घालायची वेळ फारशी येत नाही.

आता दर. माझा आकडा सांगून उपयोग नाही, कारण माझा वेग वेगळा आणि पुण्याचं घरभाडं वेगळं. रीत सांगते. साध्या गद्याची दहा पानं, कवितांची दहा, तळटीपा आणि तक्ते असलेली दहा, अशी लावून बघा आणि घड्याळ लावा. दोन फेऱ्यांचा वेळही त्यात धरा. मग घर चालवायला महिन्याला किती लागतात ते लिहा. समजा ३०,००० लागतात. दिवसाचे आठ तास बसलात तरी पैसे मिळवून देणारे तास पाचच असतात. उरलेले फोन, ईमेल, प्रेसच्या चकरा आणि वसुली खातात. महिन्याचे २४ दिवस, रोज पाच तास म्हणजे १२० तास, तासाला २५० रुपये. रिकाम्या आठवड्यांसाठी आणि सॉफ्टवेअर, दुरुस्ती, इंटरनेटसाठी वर पन्नास धरा, तासाला ३०० झाले. साध्या पानाला सगळं मिळून दहा मिनिटं लागत असतील तर पान ५० रुपयांना. तक्त्याच्या पानाला पाऊण तास लागत असेल तर ते २२५ ला. ऐकणारा म्हणेल, तक्त्याचं पान एवढं महाग? त्याला तक्ता करून दाखवू नका, तासांची वही दाखवा.

फाइल कुठल्या फॉन्टमध्ये येणार, हे दर सांगायच्या आधी विचारा. तुम्ही प्रेसमधले, त्यामुळे श्रीलिपी, आकृती, आयएसएम या जुन्या, प्रत्येकाचा संकेत वेगळा असलेल्या फॉन्टचे हाल तुम्हाला माहीत आहेत. पण प्रेसमध्ये ते हाल पगारात सोसले जातात. इथे तुमच्या खिशातून जातात. कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या एकाच संकेतात, आला की तो बरोबर दिसतो आणि तिथेच फसायला होतं. ‘ॲ’चंच बघा. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीचा, आणि बऱ्याचदा नंतरचाही मजकूर, अ वर चंद्र चढवून केलेला असतो. पानावर दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात, पण शोधायला गेलं की संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. ‘ॲडव्होकेट’ शोधून बदलायला गेलात तर निम्मे जागच्या जागी राहतात. तसंच ‘दऱ्या’, ‘वाऱ्या’मधल्या आडव्या र चं. एका पाचशे पानी ग्रंथाच्या सूचीत माझे यात सहा दिवस गेले, आणि ते सहा दिवस बिलात कुठेच नव्हते. आता मी पाच पानं मागवून घेते, रूपांतर करून बघते आणि त्याचा दर वेगळा लावते.

शुद्धलेखन कुणाचं, हेही आधीच विचारायचं. बहुतेक प्रकाशक १९६२ च्या नियमांप्रमाणे चालतात, पण काही ज्येष्ठ लेखकांना जुने अनुस्वार हवे असतात आणि काही नव्या लेखकांना वाटतं की नियम हा प्रकारच जाचक आहे. माझं कुणाशीच भांडण नाही. एका कागदावर लिहून घेते: अंक देवनागरी की इंग्रजी, अवतरणचिन्हं एकेरी की दुहेरी, बोलीतली क्रियापदं कशी, शब्द तोडायचे का. सरकारी योजनेचं काम असेल तर आणखी एक ओळ: अक्षरं कुठल्या वळणाची. एका संस्थेचा १८० पानांचा अहवाल मी एका देखण्या फॉन्टमध्ये लावला. त्यात ल आणि श हिंदी वळणाचे होते. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या नोव्हेंबरमध्ये प्रमाणित वर्णमालेचा निर्णय काढला, त्यात मराठी वळणाचे ल आणि श आहेत. अहवाल परत आला. फॉन्ट बदलला तसा मजकूर सरकला, तक्ते फुटले, अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे गेले. चार रात्री गेल्या आणि चूक माझीच, म्हणजे लाल शाईतली. काही फॉन्टमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की ही अक्षरं आपोआप बदलतात, हे मला त्यानंतर कळलं.

टायपिंगवर फार विसंबू नका, हे जाता जाता सांगते. लेखक आता फोनवर बोलून मजकूर पाठवतात. टायपिंगचं काम माझ्याकडे जवळजवळ संपलंय, पण त्या बोललेल्या मजकुराची साफसफाई हे नवं काम आलंय. पूर्णविराम नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ वाऱ्यावर, आणि बोलताना मध्येच घरातल्या कुणाला तरी दिलेली हाकसुद्धा मजकुरात. त्याचा दर टायपिंगपेक्षा कमी लावू नका. लोकांना वाटतं मजकूर तर तयारच आहे.

पैसे कसे घ्यायचे, यात मी सगळ्यात महागात शिकले. २०११ मध्ये एका छोट्या प्रकाशकाची तीन पुस्तकं केली, ३८,००० रुपये बिल. छपाईसाठीच्या फाइली दिल्या, ‘पुढच्या आठवड्यात चेक’ असं ऐकलं. दोन महिन्यांनी अप्पा बळवंत चौकात दुसऱ्याच कामाला गेले होते, तिथे दुकानाच्या फळीवर ती तिन्ही पुस्तकं दिसली. मी त्यांतलं एक विकत घेतलं, म्हणजे ३८,००० बुडाले त्यात आणखी १२० रुपये. ते पैसे आजतागायत आले नाहीत. तेव्हापासून पद्धत अशी: ४० टक्के सुरुवातीला, ३० टक्के पहिल्या प्रुफाला, उरलेले ३० टक्के मिळाल्यावर छपाईची फाइल. तोपर्यंत जे जातं त्यावर प्रत्येक पानावर आडवं ‘प्रूफ’ असं लिहिलेलं असतं. सुरुवातीला हे सांगताना जीभ अडखळायची. पुण्यात आगाऊ पैसे मागणं म्हणजे समोरच्याच्या कुळाचा उद्धार केल्यासारखं असतं. पण आगाऊ देत नाही म्हणणारा नंतरही देत नाही, हे एकदा नीट कळलं की जीभ सुटते.

कंपन्या आणि मोठ्या संस्था मात्र आगाऊ देत नाहीत, त्यांची पद्धतच तशी असते. तिथे उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंदणी, कामाला येते. ती ऑनलाइन होते, आधार लागतं आणि फी शून्य. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती सरकारी नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात आहे की लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायला हवेत, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. हे वर्षानुवर्षं कागदावरच होतं. दात फुटले ते आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, कारण आयकरात असं आलं की अशा छोट्या उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर कंपनीला तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजा करता येतो. २०२४ च्या मार्चमध्ये ज्या लेखा विभागांनी कधी माझा फोन उचलला नव्हता, त्यांनीच फोन करून उद्यम क्रमांक मागितला. मी तक्रार कधीच केलेली नाही. नोंदणी क्रमांक आणि मुदतीची एक ओळ बिलाच्या तळाशी छापते, तेवढ्याने बहुतेक वेळा भागतं. मात्र काम देण्याआधीच ‘तुमची उद्यम नोंदणी आहे का’ असं नाराजीने विचारणारी कंपनीही एक भेटली, आणि ते काम मला मिळालं नाही. तेही बरंच झालं.

कराचं थोडक्यात. महाराष्ट्रात स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. लोक तो विसरतात आणि मग दंडासकट आठवतो. सेवा देणाऱ्याला वर्षाच्या २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही, तेव्हा ‘जीएसटी नाही?’ असं कुणी भुवया उंचावून विचारलं तर संकोचू नका. टीडीएस, म्हणजे बिलातूनच आधी कापला जाणारा आयकर, कोणी १ टक्का कापतात, कोणी १०, कारण आपलं काम ठेका की व्यावसायिक सेवा यावर त्यांच्या-त्यांच्या लेखापालांचं वेगळं मत असतं. कापलेला पैसा तुमच्या नावावर जमा झालाय का, हे दर तीन महिन्यांनी बघा. आणि धंद्याचं बँक खातं वेगळं काढा. बाकी सगळं सीएला विचारा, त्याची फी वसूल होते.

हंगाम तुम्हाला माहीत असेलच, पण घरून करताना त्याचा अर्थ बदलतो. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्या सगळ्यांचं ऑगस्ट ते ऑक्टोबर हे आयुष्य ठरून गेलंय. त्या तीन महिन्यांत वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा येतो. त्यातच पितृपंधरवडा येतो आणि ‘सर्वपित्रीनंतर फाइल प्रेसला देऊ’ म्हणणारे येतात, म्हणजे आधी पंधरा दिवस शांतता आणि मग घटस्थापनेला सगळ्यांची एकदम घाई. मग साहित्य संमेलनाच्या आधी एक लाट येते. २०२५ च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या संमेलनासाठी तीन लेखकांना एकाच आठवड्यात प्रती हव्या होत्या. मार्चमध्ये संस्थांचे अहवाल. आणि एप्रिल, मेमध्ये शुकशुकाट. नोकरीत शुकशुकाटाचाही पगार मिळतो, इथे मिळत नाही. दिवाळीच्या पैशांतला तिसरा हिस्सा मी वेगळ्या खात्यात टाकते आणि त्याला घरात ‘वैशाख’ म्हणतात.

२०२० मध्ये तो वैशाख ऑक्टोबरपर्यंत लांबला. माझ्याकडचे चार दिवाळी अंक असायचे, त्या वर्षी दोनच निघाले, तेही निम्म्या पानांचे. आणि तेव्हा लक्षात आलं की माझं साठ टक्के उत्पन्न एकाच प्रकाशकाकडून येत होतं. त्याच्यावर राग नव्हता, त्याचीही दुकानं बंदच होती. पण कुठल्याही एका प्रकाशकावर तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त अवलंबून राहायचं नाही, हे तेव्हापासून पाळते. जमतंच असं नाही. त्या उन्हाळ्यात ईबुक करायला शिकले, आणि रूपांतराची जी कटकट मी वर सांगितली तीच तिथे कामाला आली, कारण युनिकोड स्वच्छ नसेल तर ईबुक उभंच राहत नाही.

कामं कुठून येतात? जाहिरात मी एकदाच दिली, तिला लग्नपत्रिकेचे तीन फोन आले. माझी बहुतेक पुस्तकं आली ती मुद्रितशोधकांकडून आणि एका बाइंडरकडून. बाइंडर का, तर एका पुस्तकाची २४६ पानं भरत होती. सोळा पानांचा फर्मा, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेली पानं, धरला तर पंधरा फर्म्यांवर सहा पानं उरतात, आणि त्या सहा पानांसाठी वेगळी प्लेट, वेगळा कागद, शिवाय बाइंडिंगला त्रास. मी लेखकाला न विचारता काही केलं नाही. फोन करून सांगितलं की प्रकरणांच्या शेवटच्या पानांवर दोन-तीन ओळीच येताहेत, एवढ्या ओळी कमी केल्यात तर २४० मध्ये बसतं. त्यांनी केल्या. पैसे प्रकाशकाचे वाचले, पण लक्षात ठेवलं बाइंडरने. त्यानंतर जो कुणी त्याला ‘पुस्तक करून देणारं कोणी आहे का’ विचारेल त्याला तो माझं नाव सांगतो. त्याला माझी मांडणी आवडते की नाही मला माहीत नाही. माझी फाइल आली की त्याचा दिवस सुरळीत जातो, एवढं त्याला पुरतं. कोल्हापुरात तुम्हाला असे बाइंडर आणि मशीनमन आधीच ओळखतात. ही तुमची शिल्लक समजा.

घरून काम करणाऱ्याचं आणखी एक दुखणं आहे. ‘घरीच असता ना’ म्हणून इमारतीतल्या सगळ्यांची पार्सलं आपल्याकडे येतात, गॅसवाला आपल्याकडे येतो आणि नात्यातल्या प्रत्येक मुंजीची पत्रिका आपण करायची असते. नात्यातलं काम मी फुकटच करते, पण बिल देते. त्यावर पूर्ण रक्कम, खाली ‘आहेर’ म्हणून तेवढीच वजा, येणे शून्य. एका मावशींना राग आला. दुसऱ्यांनी ते बिल पाहून पुढच्या वेळी पैसे पाठवले.

राहिला तिसरा प्रश्न. आता दिवाळी अंकांच्या तोंडावर सोडू नका, मालकांना कात्रीत पकडल्यासारखं होईल. अंक प्रेसमधून बाहेर पडले की सांगा, महिनाभर थांबा, नव्या माणसाला फॉन्ट आणि फाइली समजावून द्या. तोपर्यंत सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला नसेल तर आणखी थांबा. आणि निघताना मालकांना स्पष्ट विचारा की जास्तीचं काम आलं तर मला द्याल का. मी सोडलं तेव्हा आमचे मालक आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग पुढच्या दिवाळीला त्यांच्याकडे एका अंकाची १२८ पानं अंगावर आली, आणि रात्री साडेदहाला फोन आला. मी आधी विचारलं, प्रुफं किती. ते हसले आणि म्हणाले, तुला दोनच.